पन्नास वर्षांनंतरची पंगत

शेगावहून श्रींची पालखी पंढरीस निघते, तेव्हा वाटेवर गावोगावी पंगती उठतात. वारकऱ्याच्या मुखी घास जाताना दिसतो आणि दात्याचे मन निवते. पण माउली, ज्याचे फळ आपल्या डोळ्यांना दिसणारच नाही, ते दान सेवा ठरेल का?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर फ्लुरोयुरॅसिल हे औषध १९५७ च्या सुमारास पुढे आले. ते आजही देतात. त्या संशोधनाला पैसा देणाऱ्यांना बुलढाण्याचा शेतकरी कुठे ठाऊक होता? तरी त्यांचे दान त्याच्यापर्यंत पोहोचले.

कोणी म्हणेल, दारी रोगी उभा असता प्रयोगशाळेला का द्यावे? शिवाय बरेच प्रयोग फसतात. खरे आहे. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करुग्णांना आसरा देते. ती सेवा आधी. पण आसरा आजचे दुःख झेलतो, नवे औषध उद्याचे दुःख टाळते. म्हणून दहा रुपयांतला एक तरी संशोधनासाठी काढावा.

पंगतीला बसलेल्याचे नाव-गाव आपण विचारत नाही. मग पन्नास वर्षांनी बसणाऱ्याचे तरी का विचारावे?

रामकृष्णहरी.