बेचिराख

मूळ गाव कुठलं, असं कुणी विचारलं की आबा भोकरदनच्या दिशेनं हात करायचे आणि म्हणायचे, “बेचिराख हाय ते.” लहानपणी मला वाटायचं, गाव जळून राख झालं असणार. त्या शब्दातली राख खोटी आहे, हे फार उशिरा कळलं. मूळ फारसी शब्द बे-चिराग. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही, ते बेचिराग. आजही आमच्या त्या गावाची शीव वेगळी, गट नंबर वेगळे, सातबाराही त्याच्याच नावाचा. फक्त माणूस नाही. गाव पटकीनं उठलं असं आबा सांगायचे, दुष्काळानं असं आत्या.

निवृत्तीनंतर एका मित्रानं मला भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशाची प्रत दिली. ‘46 पी’मधला, मैलाला एक इंच मापाचा, स्वातंत्र्यापूर्वीचा. भिंग घेऊन बसलो. पिवळी शेतं, तपकिरी समोच्च रेषा. बारमाही पाणी निळं आणि कोरडा ओढा काळा. आमच्याकडचे बहुतेक ओढे काळेच. नांदती गावं भरीव लाल आणि उठलेली गावं नुसत्या कडांची, आतून पोकळ. आमचं गाव पोकळ होतं. शेजारी देवळाची खूण होती, आणि तिच्यापर्यंत आलेली पायवाटेची ठिपक्या-ठिपक्यांची रेघ.

त्या रेघेवर माझं बोट थांबलं. मोजणीदार मनानं वाट काढत नाही. पायाखाली दिसली तर काढतो. गाव तर तेव्हाच रिकामं होतं. मग चालत कोण होतं?

याच भागात असईजवळ 23 सप्टेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीनं असाच तर्क केला होता. समोर शिंदे-भोसल्यांची फौज, मधे केळणा नदी. वाटाडे म्हणाले, इथं उतार नाही. त्याला दुर्बिणीतून दोन तीरांवर समोरासमोर दोन गावं दिसली. इतकी जवळची गावं एकमेकांकडे जातायेत नसतील कशी? उतार निघाला आणि त्यानं लढाई जिंकली. माणसाच्या वहिवाटीवरून त्यानं नदीचा तळ ओळखला. मला तसाच देव ओळखता येतो का, ते पाहायचं होतं.

माझी वाट गुराख्याचीही असेल, नाही असं नाही. पण गुराख्याची वाट रानात फुटते आणि विरते. ही सरळ देवळाशी जाऊन थांबते. आणि मला आजी आठवते. चैत्री पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी ती तेलाची बाटली अन् वाती पदरात बांधून निघायची. मी एकदा विचारलं, “तिथं कुणीच नाही, मग मारुती कशाला राहील?” ती म्हणाली, “मानसं जातेत बाबा. देव कशाला जाईल?”

आमचे माळकरी काका हे मानत नसत. देव चराचरात भरलेला असताना एका शेंदऱ्या दगडासाठी दोन कोस चालायचं कशाला? नव्या गावात मूर्ती बसवा, प्राणप्रतिष्ठा करा, झालं. माझा एक महानुभाव मित्र दुसऱ्या टोकाचा. तो मारुतीला देव मानत नाही, पण जागेला मानतो. जिथं चक्रधरस्वामींचा संबंध आला, ते स्थान कायमचं स्थान. ‘जाळीचा देव’ हे त्यांचं असंच स्थान भोकरदन तालुक्यातलं. त्यांच्या ‘स्थानपोथी’त कुठल्या गावी, कुठल्या दिशेला, कुठल्या देवळात स्वामी होते याची नोंद आहे, शब्दांत काढलेला नकाशाच तो. काकांना जागा नको, मित्राला जागेशिवाय भागत नाही.

मला दोघांचंही अर्धंच पटतं. दगडात देव धरून ठेवण्याची ताकद असती, तर मारुतीला आजीच्या तेलाची गरज नव्हती. आणि देव सगळीकडे सारखाच असता, तर आजीला घरी बसून चाललं असतं. मला वाटतं, तिचा देव दगडातही नव्हता आणि घरातही नव्हता. तो त्या दोन कोसांत होता. सरकारी मोजणीदारानं नकळत नेमकं तेवढंच कागदावर उतरवलं.

गेल्या चैत्रात नकाशा घेऊन गेलो. ठिपके जुळेनात. वाट नांगराखाली गेलेली, दोन्हीकडं मका काढून झालेली रानं. बांधाबांधानं गेलो. पांढरीचा उंचवटा मात्र लगेच ओळखू आला. माणूस राहून गेलेल्या मातीचा रंग काळ्या रानात लपत नाही. मारुतीला ताजा शेंदूर होता. समोर कुणीतरी लावून गेलेली पणती, अजून कोमट.

मी माझी वात तिच्याशेजारी लावली. तलाठ्याच्या दप्तरात गाव बेचिराख आहे, आणि ते खरंच आहे. त्या एका रात्रीपुरतं तेवढं खोटं.