काटा सापडेपर्यंत

बसा. खुर्चीवर, पायरीवर, ओट्यावर, जिथे पाठ सैल सुटेल तिथे. हे वाचन उरकायचं नाही. परिच्छेद संपला की दोन श्वास थांबायचं आणि मग पुढे जायचं. तुम्ही रोज सायकल चालवत असाल, किंवा शाळा सुटल्यापासून तिला हातही लावला नसेल. मागचं चाक बसलं की कमरेला बसणारा तो हिसका मात्र अंग विसरत नाही. तिथूनच सुरुवात करू.

डोळ्यांसमोर पुणे-सातारा महामार्ग आणा. पहाटे पुण्यातून निघून पाचगणी गाठायची आणि परत यायचं, असा २०० किलोमीटरचा ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरा करायचा सायकलप्रवास, आहे. वेळ मिळते साडेतेरा तास. नियम असा की मागेपुढे स्वतःची मदतीची गाडी ठेवायची नाही; जे लागेल ते आपल्या पिशवीत न्यायचं. कात्रजचा बोगदा मागे पडला, शिरवळ गेलं, खंबाटकीचा घाट चढून झाला. उताराचा वारा अजून कानांत आहे. सुरूरचा फाटा जवळ आलाय, तिथून वाईकडे वळायचं. एवढ्यात मागून बारीक फुसफुस ऐकू येते. थोड्याच वेळात रस्त्यावरचा प्रत्येक खडा सीटखाली कळू लागतो.

इथे थांबा. मनाने घेतलेली पहिली उडी बघा. बहुतेक ते म्हणालं असेल, ‘आजच व्हायचं होतं का हे?’ या विचाराला हाकलू नका आणि त्याच्याशी भांडूही नका. फक्त एक हिशेब त्याच्यासमोर ठेवा. साडेतेरा तास म्हणजे ८१० मिनिटं. चाक नीट करायला वीस मिनिटं लागली, तर तो झाला या वेळेचा साधारण चाळिसावा हिस्सा. छातीत जो दाब आलाय, तो या वीस मिनिटांचा आहे का? की ‘आता सगळंच हातातून गेलं’ या भीतीचा? दोन श्वास घ्या. उत्तर आपोआप येऊ द्या.

आता सायकल पांढऱ्या पट्टीच्या बाहेर घ्या. आणखी थोडी कडेला, मातीत. ट्रक गेला की त्याची हवा अंगावर येते आणि जाते. ती जाऊ द्या. हेल्मेट काढा, सायकलच्या हँडलला अडकवा. दोन घोट पाणी प्या. चेन मागच्या सर्वांत लहान दातेरी चक्रावर आणा, मग चाक अलगद सुटतं. एका वेळी एकच काम करा. हात काळे होणारच आहेत, ते होऊ द्या.

इथेच मी एकदा चुकले होते. दहा मिनिटांत जुनी ट्यूब काढली, जवळची नवी घातली, हवा भरली आणि निघाले. वेळ वाचवल्याचा आनंद दोन किलोमीटर टिकला. चाक पुन्हा बसलं, आणि आता दुसरी ट्यूब नव्हती. सायकल ढकलत रस्त्याकडेच्या एका रसवंतीपर्यंत गेले. मावशी ऊस पुसत होत्या. म्हटलं, “मावशी, घमेल्यात थोडं पाणी मिळेल का? पंक्चर काढायचंय.” त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “देते की. आधी सावलीला बस, घोटभर पानी पी.” मी बसले, तेव्हा कुठे लक्षात आलं की दोन पंक्चर होऊनही आपण एकदाही बसलो नव्हतो.

तर आता माझ्याबरोबर बसा, आणि त्या दिवशी मी जे आधी करायला हवं होतं ते आपण मिळून करू. ट्यूब हातात घ्या. तिच्यात थोडी हवा भरा आणि ती हळूहळू गालाजवळून, ओठांजवळून फिरवा. डोळे मिटा. जे डोळ्यांना दिसत नाही ते ओठांना कळतं: एका जागी सुईएवढा गार झोत लागेल. तिथे बोट ठेवा. घमेल्यातल्या पाण्यात तीच जागा बुडवली तर बुडबुड्यांची बारीक माळ वर येईल. आता ती ट्यूब टायरवर धरा, व्हॉल्व्ह मूळ जागी येईल अशी. छिद्र जिथे येतं, त्याच जागी टायरमध्ये कुणीतरी दडून बसलंय. ट्यूब उलटी धरली गेली असेल तर दुसऱ्या बाजूलाही तेवढ्याच अंतरावर बघा.

टायरच्या आतून फडकं फिरवा. अगदी सावकाश. एका जागी ते अडेल. मला तिथे पोलादी तार सापडली, नखाच्या निम्म्याएवढी आणि केसाहून जरा जाड. ट्रकचे टायर फुटतात, तेव्हा त्यांच्या आतल्या तारांचे असे तुकडे महामार्गाच्या कडेला विखुरतात. बाहेरून तिचं टोकही दिसत नव्हतं. पहिली ट्यूब तिनेच फोडली होती आणि दुसरीही तिनेच. मी ती ओढून काढली.

या तारेपाशी आज जास्त वेळ थांबू. गेल्या काही दिवसांत तुमच्या आयुष्यात असं काय आहे, जे नीट केलं आणि पुन्हा तिथेच बिघडलं? घरातलं एखादं भांडण असेल, मोडलेला संकल्प असेल, सतत येणारा थकवा असेल. तिथे तुम्ही नवी ट्यूब घातली होती. आतून फडकं फिरवलं होतं का? कुणाला दोष द्यायला हा प्रश्न नाही. जागा सापडावी म्हणून आहे. फडकं अडेल तिथे फक्त बोट ठेवा. मनातली तार आजच्या आज निघायलाच हवी असं नाही.

आता छिद्राभोवतीचा भाग पॉलिश पेपरने घासा, त्याची चमक जाईपर्यंत. बोटाने सोल्यूशन लावा, ठिगळापेक्षा थोडं जास्त पसरून. आणि मग काहीही करू नका. या कामात सगळ्यांत अवघड पायरी हीच आहे. सोल्यूशन ओलं असताना ठिगळ लावलं तर ते सरकतं, टिकत नाही. त्यातला ओलावा उडून जायला चार-पाच मिनिटं द्यावी लागतात. तेवढा वेळ आपण काहीच करत नाही असं वाटतं, आणि जोड मात्र त्याच वेळात तयार होत असतो. रसवंतीच्या बाकावर मी ती मिनिटं मोजली. चरकाची घुंगरं वाजत होती. तुम्हीही आत्ता तेवढा वेळ नुसते बसा. काही ऐकू येत असेल तर ऐका.

बसल्या बसल्या एक गोष्ट मनात आणा. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलप नावाचे जनावरांचे डॉक्टर होते. मुलाच्या तीनचाकी सायकलला त्यांनी हवा भरलेल्या रबराच्या नळ्या बसवल्या आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याआधी सायकलींना भरीव रबराचे टायर असत. त्यांना पंक्चर ठाऊक नव्हतं, पण रस्त्याचा प्रत्येक दणका ते थेट हाडांपर्यंत पोचवत. चाकात हवा आली तेव्हा मऊपणा आला, आणि त्याच दिवशी काटा लागण्याची शक्यताही आली. तुमच्यात जे मऊ आहे, ज्यामुळे तुम्हाला लागतं, त्याचा क्षणभर विचार करा. ते भरीव करून टाकावंसं खरंच वाटतं का?

आणखी एका माणसाला सोबतीला घेऊ. १९१३ च्या टूर द फ्रान्समध्ये टुर्माले घाटाच्या उतारावर युजेन क्रिस्तोफ यांच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. दुसऱ्या कुणाची मदत घेण्याला बंदी होती. सायकल खांद्यावर घेऊन ते दहा किलोमीटरहून जास्त चालले, खालच्या सेंत-मारी-द-कांपां गावात लोहाराची भट्टी गाठली आणि स्वतःच्या हातांनी लोखंड जोडलं. एका मुलाने भाता मारला, म्हणून त्यांना वर दंडही झाला. जिंकण्याची आशा संपली होती, तरी त्यांनी शर्यत पूर्ण केली आणि एकूण सातवे आले. मला त्यांच्या क्रमांकापेक्षा ती खाली उतरणारी पावलं जास्त जवळची वाटतात. एक पाऊल, मग दुसरं. घाट तेवढाच राहिला, आणि ते चालत राहिले.

आता ठिगळ दाबा. अंगठ्याने, मधून कडेकडे. ट्यूब आत बसवा, टायर रिमवर चढवा, शेवटचा भाग तळहातांनी ढकला. हातपंपाने हवा भरायला शे-दोनशे वेळा दाबावं लागतं. श्वासाबरोबर दाबा. खाली जाताना सोडा, वर येताना घ्या. तुमची ताकद थोडीथोडी चाकात जाते आणि तिथेच राहते. अंगठ्याने दाबून बघा: घट्ट.

मावशींनी रसाचे पैसे घेतले, पाण्याचे घेतले नाहीत. त्या दिवशी वाईपुढचा पसरणी घाट चढताना मी प्रत्येक वळणावर मागच्या चाकाकडे कान लावून होते. घाटाच्या माथ्याजवळ आल्यावर कळलं की कान कधीच मोकळे झाले होते, आणि खाली धोम धरणाचं पाणी चमकत होतं. ती तार मी फेकली नाही. पंक्चरच्या डबीत ठिगळांशेजारी ती अजून आहे.

सावकाश डोळे मिटा. सायकल उचलून धरलीय असं समजा आणि मागचं चाक हाताने एकदा फिरवा. ते फिरू द्या. आवाज हळूहळू मंदावेल आणि आपोआप थांबेल. तो पुरता थांबेपर्यंत ऐका. मग उठा.