वीस रुपयांची वाळवी

स्वस्तात मिळालेली वस्तू आणि लांबवलेली वस्तू यांत फरक काय, हा प्रश्न मला चाळिशी उलटल्यावर पडला, आणि तोही फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर.

बँक सुटली होती. आयकराची गाइडे आणि पाककृती यांच्या ढिगाखाली विटेएवढे जाड एक पुस्तक दिसले. डोरोथी सेयर्सबाईंनी निवडलेल्या रहस्यकथांचा संग्रह, लंडन, १९२८. पहिली आवृत्ती! रहस्यकथेचा इतिहास सांगणारी बाईंची लांबलचक प्रस्तावनाही शाबूत. छातीत धडधडू लागले. चेहऱ्यावर मात्र मी खातेदाराला ‘उद्या या’ सांगतानाचा भाव आणला.

“कितीला?”

“साठ द्या.”

साठ! मी तीनशेसुद्धा दिले असते. पण तोंडातून निघाले, “अहो, वाळवी लागलीय याला. घरातली बाकीची पुस्तकं खाईल. चाळीस.”

त्याने दिले.

आता तुम्ही म्हणाल, घासाघीस कोण करीत नाही? खरे आहे. किंमत त्याने सांगितली, मला परवडली. इथवर मी निर्दोष. घोटाळा त्या वाळवीचा आहे. ती पुस्तकात नव्हतीच. बँकेत संध्याकाळी रोकड वीस रुपये जादा निघाली, तर कॅशियरला ती खिशात घालता येत नाही. वेगळ्या खात्यात जमा करावी लागते. इथे मी वीस रुपयांची वाळवी बिनदिक्कत खिशात घातली होती.

रात्री पुस्तक उघडले आणि रोनाल्ड नॉक्स आठवला. या इंग्रज पाद्र्याने १९२९ साली, अशाच एका संग्रहाच्या प्रस्तावनेत, रहस्यकथाकारांसाठी दहा आज्ञा लिहिल्या. गुन्हा खुद्द डिटेक्टिव्हने केलेला नसावा, ही एक. सापडलेला धागा त्याने वाचकापासून लपवू नये, ही दुसरी. मी चाळीस रुपयांत दोन्ही मोडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वीसची नोट घेऊन गेलो. “काल हिशेबात चूक झाली,” म्हणालो. (हेही खोटेच. सवय वाईट.)

त्याने नोट उजेडात धरून पाहिली. “साहेब, किलोच्या रद्दीत आलं होतं ते. मला पाच रुपयांना पडलं.”

म्हणजे गुन्हेगार कोण? तो? रद्दीवाला? की आजोबा गेल्यावर कपाट रिकामे करणारा कुणी नातू?

नोट मात्र त्याने ठेवून घेतली. हल्ली मी दुरून दिसलो, तरी तो ढिगातले सर्वांत जाड पुस्तक उचलून धरतो, आणि खरोखर वाळवी लागलेले असले तरी दोनशेच्या खाली उतरत नाही.