क्षमा आणि शेजाऱ्याचे देणे

अमेरिकेच्या राज्यघटनेने तेथील अध्यक्षास अपराध्यांस क्षमा करण्याचा मोठा अधिकार दिला आहे; तथापि त्यास मर्यादा आहेत. तो मध्यवर्ती सरकारच्या कायद्याविरुद्ध घडलेल्या अपराधांपुरताच चालतो; घटक संस्थानांच्या कायद्यांखालील शिक्षेस तो लागू पडत नाही. महाभियोगाच्या प्रकरणीही तो चालत नाही. इ. स. १८३३ त, टपाल लुटणाऱ्या विल्सन नामक मनुष्याने अध्यक्ष जॅक्सन यांजकडून मिळालेली क्षमा स्वीकारली नाही, तेव्हा ती त्याजवर लादता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. पुढे १८७७ त त्याच न्यायालयाने असेही ठरविले की, कायद्याने दुसऱ्याकडे गेलेले हक्क क्षमेने परत घेता येत नाहीत.

ह्यावरून आम्हांस एक गोष्ट सुचते. राज्य आपली शिक्षा माफ करील. परंतु शेजाऱ्याचे देणे माफ करणे राज्याच्या हाती नाही. मग, "प्रभूने मला क्षमा केली," असे म्हणून मंडळीत बसणाऱ्याने शेजाऱ्याचा कोरलेला बांध तसाच ठेवावा काय?

कोणी म्हणेल, "हे तर कर्मांनी तारण मिळविणे झाले." तसे नव्हे. प्रभू प्रथम जक्कयाच्या घरी गेला. चौपट परत देण्याचे बोलणे मागाहून झाले. परतफेड ही क्षमेची किंमत नव्हे, ती तिचे फळ होय.

यास्तव, बंधुभगिनींनो, येत्या प्रभुभोजनापूर्वी आपण प्रत्येकाने आपला बांध पाहून यावा.