बारशीच्या पंगतीस अधिकारी कोण?

एकादशीचा उपवास ज्याने केला नाही त्याने द्वादशीच्या पारण्याच्या पंगतीस बसावे काय, असा प्रश्न आमच्या फुलंब्रीकडच्या एका विद्यार्थ्याने मला घातला. मुलगा आळंदीस राहून कीर्तन-प्रवचन शिकतो. कार्तिकी वारीतल्या बारशीला त्याचा गावचा सोबती, छत्रपती संभाजीनगरला कॉलेजात शिकणारा, सकाळच्या गाडीने तेथे उतरला. पंगत बसत होती. ह्याने त्यास शेजारी बसविले. काल वाटेत मिसळ खाल्ली हे पाहुण्यानेच हसत सांगितले. त्यावर एक जण बोलला, "मग आज पारणं कसलं फेडतोस?" पोर मुकाट्याने उठून गेले.

आक्षेप थट्टेवारी नेण्याजोगा नाही. व्रताला काही किंमत असेल, तर ते केल्या-न केल्यात फरक असलाच पाहिजे. पारण हा शब्दच मुळी पार जाण्याचा आहे. जो पाण्यात उतरलाच नाही तो पैलतीराला लागला असे कोण म्हणेल? रात्रभर टाळ धरून जागर करणारा आणि गादीवर झोपून आलेला एकाच मापाने मोजला, तर उद्या उपवास कोणी करावा कशाला? हे सारे कबूल. परंतु त्यातून एवढेच निघते की पाहुण्याचे ते पारणे नव्हे. त्याला जेवू घालू नये, हे कोठून निघाले? दोघांच्या पत्रावळीवर भात तोच. एकाचे व्रत पुरे होते, दुसऱ्यास प्रसाद मिळतो. हा भेद जेवणाऱ्यापाशी राहू द्यावा, वाढप्याच्या हातात येऊ देऊ नये. एका पंगतीत दोन तऱ्हांनी वाढणे ह्यास शास्त्रकारांनी पंक्तिभेद म्हटले व दोषांत गणले.

उपवास म्हणजे जवळ वास करणे. देवाजवळ राहिलो ह्याची खूण शेजाऱ्याला दूर बसवून कशी पटवावी? आणि तोरा मिरवावा असे आपल्या फराळात असते तरी काय, बघा. साबुदाण्याचा कंद, बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची ही सगळी मूळची अमेरिका खंडातली पिके. पोर्तुगीज आल्यानंतर इकडे आलेली. ज्ञानोबारायांनी १२९६ साली समाधी घेतली तेव्हा ह्यांतले एकही इथे नव्हते. आपण एकादशी दुप्पट खाशी करायचे, आणि दुसऱ्याच्या मिसळीचा हिशोब मागायचा!

रुद्राबरोबर म्हटल्या जाणाऱ्या चमकाच्या चौथ्या अनुवाकात यजमान दूध मागतो, तूप मागतो, मध मागतो, आणि त्याच दमात 'सग्धि' व 'सपीति' मागतो. सग्धि म्हणजे सोबत जेवणे, सपीति म्हणजे सोबत पिणे. म्हणणारे हे शब्द घाईत गिळून टाकतात, ते असो. पण घरात तूप-मध आले म्हणजे सोबत आली असे नव्हे, ती वेगळी मागावी लागते, हे त्या ऋषीला ठाऊक होते.

विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. आळंदीची पोरे माधुकरीवर शिकत आली. मधुकर म्हणजे भुंगा. फुलाफुलातून थोडे थोडे घेतो. झोळीत एका घरची भाकरी, दुसऱ्या घरची पोळी, तिसऱ्या घरचे कोरड्यास. तुमच्याकडे एकादशी पाळतात का, असे विचारून कोणी झोळी पुढे करीत नाही, आणि आधी पाठ म्हणून दाखव असे ती वाढणारी माउलीही म्हणत नाही. अशा अन्नावर वाढलेल्याने पंगतीशी पहारा करीत उभे राहावे?

पैठण आमच्याच जिल्ह्यातले. महिपतीबुवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तविजयात नाथांच्या श्राद्धाची कथा आहेच. पितरांसाठी रांधलेल्या अन्नाचा वास ज्यांना आला, त्यांनाच नाथांनी आधी जेवू घातले. श्राद्धाचे विधी तर एकादशीहून कडक! तेथे भुकेने अधिकार ठरला.

त्या विद्यार्थ्याला मी सांगितले, सोबत्याला पत्र घालून पुढच्या बारशीला पुन्हा बोलाव. आक्षेप घेणाऱ्या पोरावर मात्र रागावू नकोस. त्याची भूक खरी होती आणि जागरही खरा होता. त्याला वाढप घ्यायला सांग. वाढपी सर्वांच्या शेवटी जेवतो, आणि भाताची परात हाती असताना कोण काल काय खाऊन आला हे बघायला त्याला सवड नसते.