आधी कोणाचं ताट?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



दत्तमहाराजांच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. चार वेद म्हणून आपण त्यांना हात जोडतो. पण अवधूतांनी जे चोवीस गुरू केले, कबुतर, अजगर, कोळी, मधमाशी, त्यांत कुत्रा नाही. आज आपण त्याच्यापाशी थोडं बसू या. गल्लीतल्या नव्हे, रानातल्या.

आपल्या सह्याद्रीत तांबूस रंगाचा रानकुत्रा आहे, त्याला कोळसून असंही म्हणतात. तो शीळ घालून सोबत्यांना हाक देतो. त्याचा एक लांबचा भाऊबंद आफ्रिकेत असतो, अंगभर काळे, पिवळे, पांढरे ठिपके असलेला. दोघेही कळपानं राहतात आणि दोघेही आता थोडेच उरलेत. आफ्रिकेतले सगळे मिळून सुमारे ६,६०० असावेत, असा अंदाज आहे. इंग्रजांच्या काळात कोळसून मारणाऱ्याला बक्षीस मिळायचं. का, तर म्हणे क्रूर जनावर!

आता या ‘क्रूर’ जनावराची पंगत बघा. आफ्रिकेतल्या कळपानं शिकार केली की मोठे बाजूला होतात, पिल्लं आधी खातात. पिल्लं लहान असून बिळातच असतील, तर शिकारी पोटात मांस घेऊन परततात आणि ते ओकून पिल्लांना, त्यांच्या आईला, राखणीला थांबलेल्याला भरवतात. जखमी किंवा आजारी सोबत्यालाही वाटा मिळतो. तू शिकारीला का आला नाहीस, असं त्याला कोणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट. आपल्याकडे निघताना कोणी शिंकलं की दोन मिनिटं थांबतात. यांचं उलटं! बोट्स्वानातल्या कळपांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की विश्रांतीनंतर जितक्या जास्त शिंका, तितका कळप निघण्याचा संभव जास्त. म्होरक्यानं पुढाकार घेतला तर तीनेक शिंकांत काम होतं, धाकट्यानं घेतला तर दहाएक लागतात. पण धाकट्याचंही ऐकलं जातं.

हे वाचलं आणि आम्ही गप्प झालो. कारण आमच्या घरातच आई अंथरुणाला खिळलेली. सगळ्यांची जेवणं, मालिका, आवराआवर झाली की साडेनऊला तिचा मऊभात जायचा. तोवर तो गार. ती म्हणायची, “असू दे रे, मला भूकच नव्हती.” आणि आम्ही ते खरं मानायचो, कारण ते सोयीचं होतं. तीन महिने आमच्याकडे, तीन महिने इंदूरला भावाकडे, हेही आम्ही दोघा भावांनी फोनवरच ठरवलं. तिला विचारलंच नाही. जिच्याबद्दल ठरत होतं, तिची एक शिंकसुद्धा मोजली नाही.

म्हणून रानकुत्र्याला संत करायचं का? नाही. त्याच कळपात बहुधा एकच जोडी पिल्लं वाढवते, आणि दुसरीला पिल्लं झाली तर ती कधी कधी मारलीही जातात. तो वाटून खातो तो स्वभावानं आणि मारतो तोही स्वभावानं. त्याला पुण्य नाही, पापही नाही. आपल्याला मात्र निवड आहे. म्हणूनच आपलं चुकलं तर ते आपलं चुकतं, आणि सुधारलं तर तीच सेवा.

आता आमच्याकडे देवाला नैवेद्य दाखवला की पहिलं ताट आईचं. परवा तिला विचारलं, “आई, तुला कुठं राहायचंय?” बराच वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, “आज विचारलंस होय!” उत्तर तिनं अजून दिलेलं नाही. आम्ही थांबलो आहोत.

या आठवड्याचा नेम एवढाच. घरात जो सगळ्यांत कमी बोलतो, त्याचं ताट आधी वाढायचं आणि त्याच्याबद्दल काही ठरवायचं असेल तर आधी त्यालाच विचारायचं. हा संदेश पुढे पाठवायच्या आधी एकदा आतल्या खोलीत डोकावून या.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥