सेल्फ लागत नाही

शास्त्रपाठ : यहोशवा २२ : १०-३४



मोटारीचे इंजिन सुरू करून देणाऱ्या विजेच्या यंत्राला आपल्याकडे स्टार्टर क्वचितच म्हणतात. सगळे ‘सेल्फ’ म्हणतात. या नावावर एखादा उपदेशक अर्धा तास सहज बोलेल. मी तो मोह आवरतो. मला आज एका चुकीविषयी सांगायचे आहे, आणि त्या चुकीखाली माझी सही आहे.

१९८६ च्या पावसाळ्यात मी बेळगाव जिल्ह्यातल्या एका मंडळीत पाळक होतो. खेड्यांतल्या उपासनांना जाण्यासाठी मंडळीची एक जुनी मोटार होती. एका रविवारी सकाळी किल्ली फिरवली तर ‘टक्’ असा एकच आवाज झाला आणि पुढे काही नाही. दिवे लागत होते, भोंगा खणखणीत वाजत होता, बॅटरीला वर्षही झाले नव्हते. तेव्हा सेल्फच गेला, असे आम्ही उभ्या उभ्या ठरवले. कोणी तरी म्हणाले, ड्रायव्हर किल्ली सोडतच नाही, त्यानेच तो जाळला. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त फिरवू नये, फार तापला तर जळतो, हे खरेच आहे. खऱ्या गोष्टीचा टेकू मिळाला की खोटा आरोप किती भक्कम दिसतो!

पंचांच्या सभेत नव्या सेल्फची किंमत त्याच्या पगारातून चार हप्त्यांत कापायचे ठरले. सभेला त्याला बोलावले नव्हते. नवा सेल्फ यायला तीन आठवडे लागले, तोवर तो बिचारा हँडल मारून गाडी सुरू करीत असे. एके दिवशी इंजिनाने उलटा झटका दिला आणि त्याचे उजवे मनगट मोडले. चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर आला तो हँडल मारण्याच्या याच जाचातून माणसाला सोडवायला. आणि आमच्या माणसाला आम्ही पुन्हा त्याच हँडलला जुंपले होते.

नवा सेल्फ बसला. मी किल्ली फिरवली. टक्!

मग गावातल्या एका वृद्ध इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्यांनी कशालाही हात लावण्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये आहे, हँडब्रेक ओढलेला आहे, हे पाहिले. मला हेडलाइट लावून किल्ली फिरवायला सांगितले. दिवे तसेच लख्ख राहिले. ते म्हणाले, “टाकीत पाणी आहे, पण नळ कुठे तरी तुंबलाय. दिवे अगदी मंदावले असते तर आधी बॅटरीवर संशय घेतला असता.” हेडलाइटचा एक दिवा जेमतेम पाच अँपिअर वीज घेतो, इंजिन फिरवताना सेल्फला शंभर-दोनशे अँपिअर लागतात. म्हणून दिवे लागतात एवढ्यावरून सेल्फची वाट मोकळी आहे असे म्हणता येत नाही.

विजेला जायला वाट लागते तशी परतायलाही लागते. बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. पण इंजिन रबराच्या ठोकळ्यांवर बसवलेले, म्हणून ते आणि सांगाडा यांच्यामध्ये तांब्याच्या तारांची विणलेली एक अर्थची पट्टी असते. त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावली. किल्ली फिरवली असता तिथे अर्ध्या व्होल्टहून कमी दाखवायला हवे. काटा कितीतरी पुढे गेला. मग त्याच दोन जागा त्यांनी जाड वायरने जोडल्या. इंजिन पहिल्या फेऱ्यात सुरू झाले. पट्टी गंजून तुटायला आली होती. काढून ठेवलेला जुना सेल्फ त्यांनी शिकंज्यात घट्ट धरून थेट बॅटरीवर लावून पाहिला. तोही छान फिरला.

जाता जाता त्यांनी विचारले, “चोकची तार तापत होती का हो? पट्टी गेली की वीज मिळेल त्या तारेने परत जाते.”

प्रियजनहो, माझ्या तोंडून शब्द निघेना. पहिल्याच रविवारी ड्रायव्हर मला म्हणाला होता, “साहेब, किल्ली दाबली की चोकची मूठ हाताला चटका देते.” मी म्हणालो होतो, “नंतर बघू, उपासनेला उशीर होतोय.”

यार्देनेकाठी रऊबेनी, गादी आणि मनश्शेचा अर्धा वंश यांनी मोठी वेदी बांधली, तेव्हा बाकीचे इस्राएल युद्धासाठी शिलो येथे जमले. वेदी सर्वांना दिसत होती. ती कशासाठी, हे कोणी विचारले नव्हते. त्यांनी फिनहासाला पाठवले, तोच फिनहास ज्याने पूर्वी भाला हाती घेऊन एका क्षणात निवाडा केला होता. त्यानेही आधी दोषारोपच केला. पण उत्तर ऐकायला तो थांबला. वेदी होमार्पणासाठी नव्हती, साक्षीसाठी होती. युद्ध टळले. आम्ही फिनहासाइतकेही थांबलो नाही.

चौकशी केली म्हणजे सगळेच निर्दोष निघतात, असेही नाही. सेल्फ दोषी असतोच कधी कधी : कार्बन ब्रश झिजतात, सॉलनॉइडचे आतले काँटॅक्ट जळतात. भराभर ‘टक-टक-टक’ आवाज आला तर बहुधा बॅटरी उतरलेली, किंवा टर्मिनलवर पांढरी भुकटी साचलेली असते. सेल्फ घरघरत एकटाच फिरला आणि इंजिन ढिम्म राहिले, तर त्याचे लहान दातेरी चाक फ्लायव्हीलमध्ये गुंतत नाही. आवाजच नसेल तर किल्लीचा स्विच आणि सॉलनॉइडकडे जाणारी बारीक तार पाहावी; हल्लीच्या अनेक गाड्यांत क्लचच्या पायपट्टीखालीही एक स्विच असतो. सेल्फ खोलण्याची पाळी या सर्वांनंतर. शब्बाथशाळेतल्या शिक्षकांनी वर्गात काच फुटली की पहिले नाव कोणाचे घेतो, ते आठवून पाहावे.

कापलेला हप्ता आणि औषधोपचाराचा खर्च घेऊन मी ड्रायव्हरच्या घरी गेलो. मनगट प्लास्टरमध्ये होते. मी घडले ते सर्व सांगितले, क्षमा मागितली. तो बराच वेळ गप्प होता. पैसे त्याच्या बायकोने उचलून ठेवले. मी उठलो तेव्हा तो म्हणाला, “साहेब, नवी पट्टी बसवताना खालचा रंग खरवडला ना? नाहीतर परत तेच होईल.”

खरवडला होता की नाही, मला माहीत नव्हते. मी त्यालाच गाडीपाशी घेऊन गेलो.